इंजिनात दोष आढळला नाही

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खाली उतरलो तर शेजारच्या घरासमोर एक म्हातारा त्याच्या छोट्या ट्रकशी झटत होता. इंजिन सुरू व्हायचं, पण लंगडायचं. दोन मिनिटं उभं राहून ऐकलं. तीन सिलिंडरांपैकी एक झोपलेलं. भाषा येत नाही, म्हणून बोटांनीच दाखवलं, पाना मागून घेतला, प्लग काढला. काजळी धरलेला. पॉलिश पेपरने घासून परत बसवला आणि ट्रक गुरगुरायला लागला. म्हातारा कमरेतून वाकला. मीही वाकलो, मग तो पुन्हा वाकला. हे संपेना.

तेवढ्यात यामिनी भाजी घेऊन आली. सूनबाई इथल्या एका कंपनीत दुभाषी आहे, तिची जपानी फाडफाड. तिने ओळख करून दिली : हे माझे सासरे, नाशिकचे, तीन महिन्यांसाठी आलेत, हवाई दलात इंजिन फिटर होते, सोळा वर्षं डाकोटा विमानांवर. म्हाताऱ्याचं नाव सेकिने-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'), वय अठ्ठ्याहत्तर. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. विमानाचं इंजिन म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. डाकोटाच्या इंजिनाला सिलिंडर किती, म्हणाले. चौदा, सात-सातच्या दोन रांगा, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही न बोलता घरात निघून गेले. विचित्र माणूस.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज राजवाड्याची बाग बघायला जायचं होतं म्हणून मुलाबरोबर, अनुपबरोबरच निघालो. त्याला कावासाकीला ऑफिसात जायचं असतं, दोघांची पहिली गाडी एकच. आमच्या निशी-कसाई स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. गाडी आली, दारं उघडली, लोक चढले, अनुप जागचा हलला नाही. गर्दी आहे म्हणाला. दुसरी आली, तीही सोडली. तिसरी सोडली. चौथीत बऱ्यापैकी जागा होती. 'बाबा, तुम्ही व्हा पुढे,' म्हणाला. मी चढलो. काचेतून पाहिलं तर हा बॅग छातीशी धरून तिथेच.

बेचाळीस वर्षांचा माणूस, चौदा जणांच्या टीमचा प्रमुख. आमच्या वेळी परेडला एक मिनिट उशीर झाला तर तीन दिवस शिक्षा भोगावी लागे. संध्याकाळी हे सगळं त्याला सांगितलं. 'हो बाबा,' म्हणाला. मुकाट्याने ऐकून घेतो, हा त्याचा गुण त्याच्या आईसारखा, लतासारखा.

१२ ऑक्टोबर, रविवार

सेकिने-सान आले. हातात खाऊचा डबा आणि कापडात गुंडाळलेली एक वही. यामिनीला मध्ये बसवून दीड तास बोलले.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे लढाऊ वैमानिक. सन १९४२, ऑगस्टचा शेवट. राबाउलच्या तळावरून उडायचं, हजारभर किलोमीटरवरच्या ग्वादलकनाल बेटापर्यंत जायचं, तिथे दहा-पंधरा मिनिटं लढायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं. सात तास. खाली बहुतेक पाणी, अधूनमधून जंगलाने भरलेली बेटं. विमानाला एकच इंजिन, बसायला माणूस हलूही शकणार नाही एवढी जागा. वजन वाचवायला रेडिओही काढून टाकलेला. जेवण म्हणजे मांडीवरच्या पुडीतला नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळात, गुंडाळलेला भात.

त्या दिवशी तिघांच्या तुकडीत ते मधले. एक तास पन्नास मिनिटं उडाल्यावर त्यांनी इंजिनाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि परत फिरले. बाकीचे दोघे पुढे गेले ते आलेच नाहीत. तळावर मेकॅनिकने इंजिन उघडलं, चालवून पाहिलं आणि लिहिलं, 'दोष आढळला नाही.' पुढे कोणी काही बोललं नाही, पण जेवायला शेजारीही कोणी बसलं नाही. युद्धानंतर ते इथे, या कसाई भागात, राहायला आले. तेव्हा इथे समुद्र होता, नोरीची शेती होती. समुद्र बुजवून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तोही धंदा गेला. १९८४ साली वारले. शेवटपर्यंत एकच सांगत होते, इंजिन बिघडलं होतं.

'वहीत दर अर्ध्या तासाचे आकडे आहेत,' सेकिने-सान म्हणाले. 'मला ते वाचता येत नाहीत. त्यांचं इंजिनही चौदा सिलिंडरचं होतं, सात-सातच्या दोन रांगा. तुम्ही वाचा आणि खरं काय ते सांगा.'

इतक्या वर्षांनी का, असं मी विचारलं. त्या न परतलेल्यांपैकी कोमोरी नावाच्या वैमानिकाची धाकटी बहीण अजून आहे. फुमि-सान, चौऱ्याण्णव वर्षांच्या, उरायासुला वृद्धाश्रमात. सेकिने-सान त्यांना दर ऑगस्टला भेटतात. या वर्षी फुमि-साननी पहिल्यांदाच विचारलं, नक्की काय झालं होतं?

नाही कसं म्हणणार? वही ठेवून घेतली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

यामिनीने रकान्यांची नावं मराठीत लिहून दिली. पेन्सिलचं अक्षर बारीक, पण स्वच्छ. तीन दिवस बसलोय. कित्येक वर्षांनी असं बसून काम केलं. बरं वाटलं.

इंजिनाचे फेरे मिनिटाला अठराशेच्या आसपास, स्थिर. सिलिंडरचं तापमान स्थिर. तेलाचा दाब सुईभरही हललेला नाही. मिक्श्चर इतकं लीन ठेवलंय, म्हणजे हवेत पेट्रोल इतकं कमी सोडलंय, की तासाला अठ्ठ्याहत्तर लिटरवर विमान चाललंय. एवढं साधायला कान आणि हात दोन्ही लागतात. पोटाखालच्या जादा टाकीतून पेट्रोल व्यवस्थित येत होतं. जाणं, पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीची लढाई, येणं, सगळं तीनदा मांडून पाहिलं. परत पोचल्यावरही तासाभराचं पेट्रोल उरत होतं.

परत फिरतानाची, दहा वाजून वीस मिनिटांची नोंद यामिनीकडून वाचून घेतली. 'कोमोरी जवळ आला. बघितलं. हात हलवला.' बस. त्यानंतरही दर अर्ध्या तासाचे आकडे आहेत, तळावर उतरेपर्यंत. तितकेच स्वच्छ.

इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सेकिने-सानना सांगितलं. आकड्यांप्रमाणे इंजिन ठीक होतं, पेट्रोल पुरेसं होतं. ते मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, वडील परत आले म्हणून तू जन्मलास, असं मला सगळेच सांगतात. पण ते दोघे तर आधीच जन्मलेले होते.

चहा झाला. मग त्यांनी विचारलं, 'तुमच्या हवाई दलात असं परत फिरणाऱ्याला काय म्हणत?'

खरं ते सांगायचं ठरलं होतं. 'पळपुटा,' मी म्हणालो. 'निदान आम्ही फिटर लोक आपसात म्हणायचो.'

यामिनीने लगेच भाषांतर केलं नाही. खाली बघत राहिली, मग बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. आवाज बसलेला, एसीने सर्दी झाली असावी. सेकिने-सान माझ्याऐवजी तिच्याकडे वळून वाकले आणि तसेच राहिले. एका शब्दाला एवढी वाक्यं लागतात म्हणजे भाषा अवघडच म्हणायची.

२२ ऑक्टोबर, बुधवार

'पळपुटा' शब्द तोंडातून गेला तेव्हापासून फ्लाइट लेफ्टनंट अंबरीष रणदिवे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. १९७८ साल. अंदमानच्या फेरीवर निघाले आणि समुद्रावरून तासाभरात परत आले. उजवं इंजिन खरखरतंय म्हणाले. मी सहा तास तपासलं. प्लग, मॅग्नेटो, कार्बोरेटर, सगळं. काही नव्हतं. लिहिलं, 'तपासले. दोष आढळला नाही.' सही केली.

आमच्यात एक म्हण होती, किनारा सुटला की इंजिन खोकतं. जमिनीवर जे इंजिन गोड चालतं तेच खाली नुसतं पाणी दिसलं की माणसाच्या कानाला बिघडल्यासारखं वाटतं. भल्याभल्यांना होतं. हे मला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी रणदिवे साहेबांची नक्कल केली, कानाला हात लावून. लोक हसले. साहेब दारात उभे होते. वर्षभरात त्यांनी उड्डाण सोडलं.

माझी नोंद बरोबर होती. तरीही आज सत्तेचाळीस वर्षांनी हे का खुपतंय कळत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अनुप हल्ली न्हाणीघरात नळ सोडून अर्धा-अर्धा तास आत असतो. पाण्याची नासाडी. अक्षयाने, माझ्या नातीने, त्याला काहीतरी विचारलं, त्याने उत्तरच दिलं नाही. ती जपानीत काहीतरी पुटपुटत आत गेली.

जेवताना मी वहीची गोष्ट सांगितली. म्हटलं, तेवढंच त्याचं मन रमेल. त्याने पहिल्यांदाच विषयात रस घेतला.

'परत येताना एकटेच होते?'

'हो.'

'किती वेळ?'

'दोन तास तरी.'

'कोणाशी बोलले असतील?'

'रेडिओच नव्हता रे विमानात.'

त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेला. अर्धी पोळी टाकली. लताला हे चाललं नसतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कशी सुरुवात करावी कळत नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी यामिनी रजा टाकून घरी आली. म्हणाली, 'बाबा, बसा. मला त्या दिवशीच्या भाषांतराबद्दल सांगायचंय.'

मला वाटलं वहीतलं काही चुकलं.

'तुम्ही जो शब्द म्हणालात तो मी सेकिने-सानना सांगितलाच नाही,' ती म्हणाली. 'मी म्हणाले, माझ्या नवऱ्याला जुलैपासून गाडीत चढता येत नाही. तो रोज प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. मला वाटतं त्याने परत फिरावं. पण परत फिरणाऱ्याला आमच्या घरात काय म्हणतील याची त्याला भीती वाटते.'



मग तिने सगळं सांगितलं. प्रोजेक्ट अडकलंय, वर्षभर रोज चौदा-चौदा तास. जुलैत एकदा प्लॅटफॉर्मवर त्याला घाम फुटला, श्वास लागेना. तेव्हापासून कधी अकराला पोचतो, कधी पोचतच नाही. डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलंय की काम थांबवा. तो म्हणतो, बाबा गेले की बघू. मला कळू नये म्हणून रोज सातला घरातून निघतो. मी फिरायला बाहेर पडलो की परत येतो, खोलीचं दार लावून पडून राहतो आणि मी यायच्या आत पुन्हा बाहेर पडतो.

'त्या दिवशी चार गाड्यांवरून तुम्ही बोललात ना,' ती म्हणाली, 'तेव्हा तो मला म्हणाला, बाबांनी मोजल्या.'

हो. मोजल्या होत्या. इथे लिहूनही ठेवल्या.

माझ्या येण्याने त्याचा त्रास वाढला. मी इथे मुलाचं कौतुक बघायला आलो होतो. संध्याकाळी तो सातला, जसा कामावरून यावा तसा, आला. मी दारातच होतो. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. 'जेवलास का?' एवढंच विचारलं. सातला कोण जेवतं?

२ नोव्हेंबर, रविवार

आज त्याला म्हटलं, उद्या सातला निघायची गरज नाही.

'यामिनीने सांगितलं?'

'मला कोणी काही सांगितलं नाही. निघू नकोस, एवढंच.'

मी पेपर उघडला. पेपर जपानी होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अनुप आज दुपारी दीडपर्यंत झोपला. डॉक्टरांचा कागद यामिनीने ऑफिसला पाठवलाय. आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, घरात लहान मूल असल्यासारखं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उरायासुला जायचं ठरलं होतं. यामिनीला सुट्टी मिळाली नाही. सेकिने-सान म्हणाले पुढे ढकलू, फुमि-सान काही कुठे जात नाहीत. पण मला ते धोक्याचं वाटलं. चौऱ्याण्णव वर्षं म्हणजे काही थांबण्याचं वय नाही. अनुप म्हणाला, 'मी येतो भाषांतराला.' आम्ही सेकिने-सानच्या ट्रकमधून जाणार होतो, दोघं पुढे; अनुप सामानाच्या जागेत बसेन म्हणाला तर त्यांनी टॅक्सीच बोलावली. ट्रकात मागे माणसं बसवायला इथे बंदी आहे म्हणे.

फुमि-सान खिडकीशी व्हीलचेअरवर. मूठभर देह, कान मात्र शाबूत. सेकिने-साननी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला गुडघ्यांवर बसले. मी अनुपसमोर. दुभाष्याशी बोलायचं तर त्याच्याकडेच बघावं लागतं.

मी सांगितलं, 'मी इंजिन फिटर. मी सगळे आकडे तपासले. इंजिन बिघडलेलं नव्हतं.'

अनुपने सांगितलं.

'पण मी अशीच नोंद एकदा दुसऱ्या वैमानिकाविरुद्ध केली होती,' मी म्हणालो, 'आणि मग त्याला हसलो. ती नोंद खरी होती आणि हसणं चूक होतं. इंजिन तपासलं, पण माणसाला काय झालंय हे मी विचारलंच नाही. माझं काम नाही असं वाटलं.'

अनुप थांबला. मी त्याला म्हटलं, 'सांग.' त्याने सांगितलं.

'पाण्यावर दोन तास एकट्याने बसल्यावर माणसाच्या कानाला जे ऐकू येतं ते खोटं नसतं. त्याला ते खरंच ऐकू येतं. सेकिने-सानच्या वडिलांना पुढे जाववेना. त्यात लाज नाही. लाज असली तर ती त्यांच्याशेजारी जेवायला न बसणाऱ्यांना. ज्याला पुढे जाववत नाही त्याने परत यावं. घरच्यांनी दार उघडावं आणि काही मोजू नये.'

अनुप भाषांतर करेना. फुमि-सान त्याच्याकडे वळून वाट बघत होत्या. तो खिडकीबाहेर बघत होता. सेकिने-साननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो बोलला, एकेक वाक्य, मधेमधे थांबत. शेवटचं वाक्यही पूर्ण केलं.

मग फुमि-सान बोलल्या. अनुपने मला सांगितलं ते असं :

'तेव्हा मी अकरा वर्षांची होते. इंजिन बिघडलं म्हणून एक जण परत आला, असं आम्हाला कळलं. मग मी रोज देवळात जायचे. दादाचंही इंजिन आधीच बिघडलेलं असू दे, तो कुठल्यातरी बेटावर उतरलेला असू दे, असं मागायचे. ऐंशी वर्षं मला वाटत होतं की परत यायला इंजिन बिघडावं लागतं. आज तुम्ही सांगताय की त्याची गरजच नव्हती. मग दादाही नुसताच येऊ शकला असता.'

त्या रडत नव्हत्या. रागावल्यासारख्या दिसत होत्या. सेकिने-साननी जमिनीला कपाळ टेकवलं. फुमि-साननी खाली वाकून त्यांचा कान धरला, आपण मुलाचा धरतो तसा, आणि ओढून वर बसवलं. मग वही उघडून कोमोरीची ओळ कुठली ते विचारलं. अनुपने बोट ठेवून दाखवली. हात हलवला, हे शब्द त्यांनी दोनदा मोठ्याने वाचले.

'मजेत असायचा तो,' त्या म्हणाल्या. 'हात वर करूनच हलवला असणार.'

बाहेर आल्यावर अनुपने विचारलं, 'बाबा, तुम्ही आजींशी बोलत होतात की माझ्याशी?'

'आजींशी,' मी म्हणालो.

'बरं,' म्हणाला. मग आम्ही तसेच उभे राहिलो, टॅक्सी येईपर्यंत.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात चर्चा झाली, चौघांची. अक्षयालाही बसवलं. अनुप डिसेंबरात माझ्याबरोबर नाशिकला येईल, सहा महिने काहीही करणार नाही. यामिनी नोकरी सांभाळून मार्चपर्यंत, म्हणजे अक्षयाचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत, इथे. पुढचं पुढे. अक्षयाने विचारलं, बाबा आजारी आहे का? मराठीत विचारलं. अनुप 'हो' म्हणाला. आजारी असल्याचं त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

सून एकटी राहणार याची काळजी वाटते. तिला म्हटलं, मी थांबू का, व्हिसा वाढवून? हसली. 'तुम्ही त्याला न्या बाबा. माझ्याकडे सेकिने-सान आहेत, त्यांचा ट्रक आहे.'

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुप राजीनामा द्यायला कावासाकीला गेला, मी सोबत. दुपारच्या गाडीने गेलो, मुद्दाम गर्दी नसताना. गाडी आली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो चढला. हात दांड्याला घट्ट. दोन स्टेशनांनंतर जागा मिळाली.

ऑफिसच्या खाली मी बाकावर बसलो. तो वर गेला. पाऊण तास झाला तरी येईना, तेव्हा मी उठून फेऱ्या मारायला लागलो. वॉचमन माझ्याकडे बघत होता. शेवटी आला. हातात खोक्यात त्याचा मग, चपला आणि टीमने दिलेला फुलांचा गुच्छ.

'काय म्हणाले?'

'फार काही नाही. सगळे उभे राहिले आणि ओत्सुकारेसामा म्हणाले.'

'म्हणजे काय?'

'खूप दमलात, असं. इथे रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना सगळेच सगळ्यांना म्हणतात. नऊ वर्षं मीही म्हणत आलोय.' तो बाकावर बसला, खोकं मांडीवर घेऊन. 'आज मात्र मला ते ऐकू आलं, बाबा. मी खरंच खूप दमलोय.'

मी त्याच्या मांडीवरचं खोकं उचलून माझ्या मांडीवर घेतलं. घाई नव्हती. बसलो.